कायद्याने दिलेला हक्क कार्यालयातून मिळवावा कसा? सातारा-सांगलीच्या नागरिकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोयना धरणासाठी पाटण आणि जावळी भागातील गावे उठली, तेव्हा महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा नव्हता. तसा पहिला कायदा १९७६ साली झाला, नंतर १९८६ चा आला, आणि आज १९९९ चा प्रकल्पबाधित व्यक्तींचे पुनर्वसन अधिनियम लागू आहे. घरदार आणि जमीन गेली ती आधी. त्या बदल्यात काय मागता येईल, कोणाकडे मागता येईल आणि नाकारले तर कोठे जावे, हे ठरवणारी तरतूद मागाहून झाली. पर्यायी जमिनीसाठी पुढच्या पिढ्यांनाही आंदोलने करावी लागली, त्याच्या मुळाशी हे अंतर आहे. माणसाची गरज कितीही खरी असली, तरी ती पूर्ण करण्याची जबाबदारी कायद्याने एखाद्या अधिकाऱ्यावर टाकलेली नसेल, तर ती विनंतीच राहते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. कायदा झाला, राजपत्रात छापला गेला, म्हणून हक्क आपोआप घरी चालत येत नाही. प्रत्येक हक्कामागे तीन गोष्टी शोधाव्या लागतात: तो देण्याचे कर्तव्य नेमके कोणत्या अधिकाऱ्याचे आहे, त्यासाठी मुदत किती आहे, आणि त्याने काम केले नाही तर वर कोण आहे. ही तीन उत्तरे ज्याच्याकडे लेखी असतात त्याचे काम पुढे सरकते; ज्याच्याकडे नसतात तो हेलपाटे घालत राहतो. पुढील मार्गदर्शन याच तीन प्रश्नांभोवती मांडले असून, उदाहरण म्हणून आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सर्वाधिक घरांना लागणारे काम घेतले आहे, ते म्हणजे शेतजमिनीवरील वारस नोंद.

पायरी पहिली: आपली मागणी कशावर उभी आहे ते ओळखावे

सरकारकडे आपण जे मागतो ते सर्व एकाच ताकदीचे नसते. संविधानातील मूलभूत हक्क सर्वांत वर आहेत. कायद्यापुढील समानता अनुच्छेद १४ मध्ये आहे, तर जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य अनुच्छेद २१ मध्ये. त्यानंतर येतात अधिनियमाने, म्हणजे संसदेने किंवा विधिमंडळाने केलेल्या कायद्याने दिलेले हक्क. त्याखाली नियम असतात, आणि सर्वांत शेवटी शासन निर्णयाने चालणाऱ्या योजना.

हा फरक व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. मालमत्तेचे उदाहरण घ्या. मालमत्तेचा हक्क पूर्वी मूलभूत होता. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो त्या यादीतून काढला गेला आणि अनुच्छेद ३००-अ मध्ये आला. आता कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, एवढे संरक्षण त्याला आहे. म्हणून रस्त्यासाठी किंवा कालव्यासाठी जमीन जात असल्यास पहिला प्रश्न विचारावा तो असा, की ही जमीन कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली घेतली जात आहे. या प्रश्नाचे लेखी उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही संमतीपत्रावर सही करू नये.

योजनेचे तसे नसते. अनुदान देणारी योजना शासन निर्णयाने सुरू होते, शासन निर्णयाने तिच्या अटी बदलतात आणि निधी संपला की ती थांबूही शकते. तरीही जोपर्यंत योजना चालू आहे आणि आपण अटींत बसतो, तोपर्यंत शेजाऱ्याला एक न्याय आणि आपल्याला दुसरा असे करता येत नाही. तेथे अनुच्छेद १४ लागू होतो. म्हणून अर्जात नुसती ‘मदत मिळावी’ अशी भाषा वापरण्यापेक्षा अधिनियमाचे नाव आणि कलम, किंवा शासन निर्णयाचा क्रमांक आणि दिनांक लिहावा. त्यामुळे कोणत्या तरतुदीखाली निर्णय घ्यायचा याविषयी कार्यालयाला संदिग्धता राहत नाही आणि नकार द्यायचा झाल्यास त्याच तरतुदीच्या आधारे द्यावा लागतो.

पायरी दुसरी: योग्य कार्यालय गाठावे

एकाच गावात वेगवेगळ्या विभागांची माणसे काम करतात आणि अर्ज चुकीच्या दारात गेल्याने बरीच कामे तेथेच अडकतात. जमिनीचे दप्तर महसूल विभागाकडे असते: गावात तलाठी, ज्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे, त्यांच्यावर मंडळ अधिकारी, मग तहसीलदार, प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी, आणि जिल्हाधिकारी. जन्म-मृत्यूची नोंद, घरपट्टी, पाणी, गावातील रस्ते हे ग्रामपंचायतीचे विषय. तेथे ग्रामसेवक असतात, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, आणि त्यांची साखळी पंचायत समितीतून जिल्हा परिषदेकडे जाते. पंचायत राज्याची ही रचना १९६१ च्या अधिनियमाने झाली, त्यावेळी मुख्यमंत्री होते देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण. गावठाणातील आणि शहरातील मिळकत पत्रिका तिसरीकडेच, भूमी अभिलेख कार्यालयात असते.

तालुक्याचे नाव आणि मुख्यालयाचे गाव अनेक ठिकाणी वेगळे आहे, हे बाहेरगावी राहणाऱ्या वारसांनी ध्यानात घ्यावे. खटाव तालुक्याचे तहसील कार्यालय वडूजला, माणचे दहिवडीला, जावळीचे मेढ्याला, तर खानापूरचे विट्याला आहे. सांगली जिल्ह्यातील जुने कागद शोधताना आणखी एक बाब उपयोगी पडते. हा जिल्हा १९४९ मध्ये दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. आटपाडीसारखा भाग औंध संस्थानात होता, जत आणि मिरज ही स्वतंत्र संस्थाने होती. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या नोंदीसाठी अर्ज करताना गावाचे नाव, जुना तालुका आणि जुने संस्थान किंवा जिल्हा ही तिन्ही नावे लिहावीत.

पायरी तिसरी: अर्ज आणि पोच

समजा, कोरेगाव तालुक्यातील एका शेतकऱ्याचे निधन झाले. मागे पत्नी, दोन मुलगे आणि लग्न होऊन विट्याला गेलेली मुलगी आहे. मृत्युपत्र केलेले नाही. सातबारावर अजून मृत व्यक्तीचेच नाव आहे. हे नाव तसेच राहिले, तर विकास सोसायटीचे पीककर्ज, पीक विमा, केंद्राचा शेतकरी सन्मान निधी, भूसंपादनाचा मोबदला अशा प्रत्येक ठिकाणी अडचण उभी राहते. अशा लाखो नोंदी साचल्यामुळेच शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम हाती घेतली.

येथे कायदा आहे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६. कलम १४९ सांगते की वारसाने, वाटणीने किंवा अन्य रीतीने जमिनीत हक्क मिळालेल्या व्यक्तीने तीन महिन्यांच्या आत त्याची वर्दी, म्हणजे खबर, तलाठ्याला द्यावी. ही वर्दी तोंडी दिली तरी चालते, आणि ती मिळताच तलाठ्याने लेखी पोच दिली पाहिजे. पोच देणे ही कोणाची मेहेरबानी नाही. ते कलमातच लिहिलेले कर्तव्य आहे, हे वाक्य प्रत्येक चावडीच्या भिंतीवर असावे असे मला मनापासून वाटते. तीन महिने उलटून गेले म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही. वारसा मृत्यूच्या क्षणीच मिळालेला असतो, नोंद त्यामागून होते.

वर्दी अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे, वय, पत्ता आणि मृताशी नाते दाखवणारे स्वयंघोषणापत्र किंवा प्रतिज्ञापत्र, वंशावळ, चालू सातबारा आणि आठ-अ उतारा जोडावा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झालेली नसेल तर आधी ते काम उरकावे, कारण पुढचे सारे त्या एका दाखल्यावर अवलंबून आहे. अर्ज ई-हक्क प्रणालीवरून ऑनलाइनही करता येतो, आणि शक्य असेल तेथे तोच मार्ग घ्यावा, कारण तेथे अर्जाला क्रमांक आणि दिनांक आपोआप मिळतो.

हाताने अर्ज दिला तर दोन प्रती न्याव्यात. आपल्याकडे राहणाऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, स्वीकारणाऱ्याची सही, दिनांक आणि आवक क्रमांक या चारही गोष्टी हव्यात. नुसता गोल शिक्का असलेली प्रत पुष्कळांच्या पिशवीत असते. दिनांक नसल्याने मुदत मोजता येत नाही आणि आवक क्रमांक नसल्याने तो कागद कार्यालयात सापडत नाही. कोणी पोच देण्यास नकार दिला, तर वाद न घालता तोच अर्ज टपाल कार्यालयातून नोंदणीकृत पद्धतीने पाठवावा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवावी.

यानंतर काय घडते तेही ठाऊक असावे. वारसांची चौकशी होऊन वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये नोंद होते, मग गाव नमुना ६ या फेरफार नोंदवहीत फेरफार, म्हणजे हक्कातील बदलाची नोंद, धरला जातो. कलम १५० प्रमाणे त्याची प्रत चावडीत लावावी लागते आणि सर्व हितसंबंधितांना लेखी सूचना द्यावी लागते. ही नमुना ९ ची नोटीस. हरकतीसाठी १५ दिवस दिले जातात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि त्याचा अंमल सातबारावर येतो. हरकत आली तर तिची लेखी पोच हरकतदाराला मिळते, प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते, दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले जाते आणि शक्यतो एका वर्षात निकाल द्यावा असे कायदा म्हणतो. फेरफार धरल्यावर त्याचा क्रमांक लगेच लिहून घ्यावा.

मुलीचे नाव

वरच्या उदाहरणातील सर्वांत नाजूक जागा हीच आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाची पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे पहिल्या वर्गातील वारस आहेत. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना सहदायकाचा, म्हणजे जन्मानेच हिस्सेदार असल्याचा, दर्जा दिला, पण ती दुरुस्ती लागू होण्यापूर्वी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हा भेद काढून टाकला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की हा हक्क जन्माने मिळतो. ही दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, ९ सप्टेंबर २००५ रोजी, वडील हयात असणे आवश्यक नाही. इतर धर्मीयांना त्यांचा त्यांचा वारसा कायदा लागू होतो.

आपल्याकडे मात्र अर्ज भरतानाच बहिणीचे नाव गाळण्याचा, किंवा नोंद होताच हक्कसोडपत्र लिहून घेण्याचा रिवाज अजून आहे. वारस नोंदीत सर्व वारसांची नावे येणे बंधनकारक आहे आणि खोटे स्वयंघोषणापत्र देणे हा गुन्हा आहे. बहिणीला स्वेच्छेने हक्क सोडायचा असेल तर तो तिचा निर्णय, परंतु त्यासाठीचे हक्कसोडपत्र दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवलेले असले पाहिजे. घरात मुद्रांक कागदावर घेतलेली सही पुरत नाही. बहिणीने सही करण्यापूर्वी सातबारा पाहून कोणत्या गटातील किती क्षेत्र सोडले जात आहे ते समजून घ्यावे. नोटीस मिळाली नाही आणि नाव गाळले गेले असे कळाले, तर फेरफार प्रमाणित होण्यापूर्वी तलाठ्याकडे लेखी हरकत द्यावी. ते करण्यासाठी वकील लागत नाही. एका पानाचा अर्ज, जन्माचा किंवा शाळेचा दाखला आणि नाते दाखवणारा एखादा पुरावा पुरेसा असतो.

पायरी चौथी: मुदत संपल्यावर

२८ एप्रिल २०१५ पासून राज्यात महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम लागू आहे. अधिसूचित केलेल्या प्रत्येक सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत, प्रथम अपील अधिकारी आणि द्वितीय अपील अधिकारी ठरवून त्याचा फलक कार्यालयात लावणे या कायद्याने बंधनकारक केले. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले अशा रोजच्या सेवा त्यात आहेत. तहसील कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत गेल्यावर आधी हा फलक वाचावा, आणि आपल्या सेवेसमोरच्या ओळीचा भ्रमणध्वनीवर फोटो काढून ठेवावा. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावरही ही यादी आहे.

पात्र अर्जदाराला ठरलेल्या मुदतीत सेवा द्यावी लागते, आणि नाकारायची असेल तर कारणासह लेखी कळवावे लागते. ‘वरून आदेश आलेले नाहीत’, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’, ‘पुढच्या आठवड्यात या’ ही कारणे या कायद्याला मान्य नाहीत. मुदत संपल्यापासून, किंवा नकार मिळाल्यापासून, ३० दिवसांच्या आत प्रथम अपील करावे. सबळ कारण असेल तर हा काळ ९० दिवसांपर्यंत वाढवून मिळू शकतो. प्रथम अपील अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. त्यावर समाधान झाले नाही तर ३० दिवसांत द्वितीय अपील, आणि त्यानंतर ६० दिवसांत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. आपले दोन्ही जिल्हे पुणे महसूल विभागात येत असल्याने तिसरे अपील पुणे विभागाच्या आयुक्तांकडे जाते. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

रक्कम मोठी नाही, हे खरे. परंतु अपील दाखल झाले की विलंबाचे कारण त्या अधिकाऱ्याला स्वतःच्या सहीने लिहून द्यावे लागते, आणि माझ्या मते या कायद्याचे खरे बळ दंडापेक्षा या लेखी उत्तरात आहे.

एखादी सेवा अधिसूचित यादीत नसेल तरी हात टेकण्याचे कारण नाही. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्या आणि कर्तव्यातील विलंब यांसंबंधीचा २००५ चा अधिनियम आहे; त्याला लोक दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्याच्या कलम १० प्रमाणे सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या सात दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. वरिष्ठांना स्मरणपत्र लिहिताना या कलमाचा उल्लेख करावा.

पायरी पाचवी: फाइल कोठे अडली ते माहिती अधिकाराने शोधावे

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हा भ्रष्टाचार उघड करण्यापुरताच आहे असा समज आहे. प्रत्यक्षात सामान्य माणसाला त्याचा सर्वांत मोठा उपयोग होतो तो स्वतःच्याच फाइलचा प्रवास पाहण्यासाठी. राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एका विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा. शुल्क १० रुपये, आणि त्यासाठी कोर्ट फी स्टॅम्प चालतो. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क माफ आहे. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन नाही.

अर्जाची सारी गंमत प्रश्न कसा विचारला यात आहे. ‘माझी नोंद का झाली नाही?’ असा प्रश्न केला, तर ‘स्पष्टीकरण देणे माहितीत मोडत नाही’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. दप्तरात जो कागद असतो तोच मागावा. उदाहरणार्थ असे लिहावे:

‘मौजे अमुक, तालुका कोरेगाव येथील गट क्रमांक अमुक संबंधी मी दिनांक अमुक रोजी दिलेल्या, आवक क्रमांक अमुक असलेल्या वारस नोंदीच्या अर्जाबाबत पुढील अभिलेखांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात. (१) सदर अर्जावरील टिपणी आणि शेरे. (२) हा अर्ज ज्या ज्या अधिकाऱ्यांकडे गेला त्यांची पदनामे आणि त्यांच्याकडे तो आल्याचे व पुढे गेल्याचे दिनांक दर्शवणाऱ्या नोंदी. (३) हितसंबंधितांना काढलेल्या नोटिसा आणि त्या बजावल्याचा पुरावा. (४) या प्रकारच्या अर्जांसाठी कार्यालयाने ठरवलेल्या कालमर्यादेची प्रत.’

माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे, आणि प्रश्न एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा असेल तर ४८ तासांत. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे त्यांचे काम आहे. उत्तर आले नाही, किंवा अपुरे आले, तर ३० दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जाता येते. आपल्यासाठी आयोगाचे पुणे खंडपीठ आहे. दोषी माहिती अधिकाऱ्यावर दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत शास्ती बसू शकते. आयोगाकडे प्रकरणे साचलेली असतात, त्यामुळे घाईच्या कामात तेथवर जाण्याची वेळ न आणता प्रथम अपिलाच्या सुनावणीला स्वतः हजर राहावे आणि नेमका कोणता कागद मिळाला नाही ते समोर बसून सांगावे. पुष्कळ प्रकरणे त्या सुनावणीतच सुटतात.

ग्रामसभा, लोकशाही दिन आणि तक्रारीच्या इतर जागा

काही हक्क एकट्याचे नसतात. घरकुलाची यादी, पाण्याची योजना, गायरानाचा वापर यांचा निर्णय गावाला मिळून करायचा असतो. औंध संस्थानाने १९३९ च्या स्वराज्य घटनेने खेड्यांच्या पंचायतींच्या हाती कारभार दिला होता, हा या मातीतला वारसा आहे. आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा आणि त्यांच्याआधी महिलांची सभा घ्यावी लागते. गणपूर्ती गावातील मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी. ठराव तोंडी मांडू नये; आधी लेखी द्यावा, आणि सभेनंतर इतिवृत्ताची प्रत मागावी.

जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. न्यायप्रविष्ट बाब किंवा महसुली अपील तेथे घेतले जात नाही, परंतु नुसत्या रखडलेल्या कामाला तेथे वेग येतो. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा निःशुल्क क्रमांक १०६४ आहे. पैसे देण्यापूर्वी फोन करावा, दिल्यानंतर नव्हे. पोलीस ठाण्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर लिहून घेतली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तीच खबर लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवता येते, आणि तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. खबर नोंदवल्यावर तिची प्रत विनामूल्य मिळते.

पायरी सहावी: निर्णय विरोधात गेला तर

मंडळ अधिकाऱ्याने फेरफार नामंजूर केला, किंवा गाळलेल्या नावासह मंजूर केला, तर त्यावर अर्ज-विनंत्या करत बसू नये. जमीन महसूल संहितेच्या कलम २४७ प्रमाणे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते. त्याची मुदत कलम २५० मध्ये ६० दिवस आहे. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याचा असल्यास ९० दिवस. निर्णयाची नक्कल मिळण्यात गेलेला काळ या मुदतीत धरत नाहीत, म्हणून नकलेसाठी अर्ज केल्याचा आणि नक्कल हाती आल्याचा दिनांक जपून ठेवावा. उशीर झालाच तर कलम २५१ खाली विलंब माफीचा अर्ज अपिलासोबतच द्यावा आणि प्रत्येक टप्प्याचे कारण लिहावे. निकालाची माहितीच मिळाली नव्हती असे म्हणायचे असेल, तर नोटीस न बजावल्याचा माहिती अधिकारात मिळालेला कागद तेथे कामी येतो. चूक केवळ लेखनाची असेल, जसे नावातील अक्षर किंवा क्षेत्राचा आकडा, तर अपिलाची गरज नाही. कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज पुरतो.

या ठिकाणी एक मर्यादा स्वच्छ समजून घेतली पाहिजे. सातबारावरील नोंद खरी मानली जाते, पण ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच; कलम १५७ तसेच सांगते. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. म्हणून मृत्युपत्र खरे की खोटे, दत्तक वैध आहे का, बहिणीचा हिस्सा किती, असा मूळ हक्काचाच वाद असेल तर प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त अशी चढती वाट धरून वर्षे घालवण्यापेक्षा दिवाणी न्यायालयात हक्क ठरवून मिळण्याचा आणि वाटपाचा दावा लावणे योग्य. महसूल अधिकाऱ्याला त्या निकालाप्रमाणेच नोंद करावी लागते.

वकिलाचा खर्च हा अनेकांना येथे थांबवणारा मुद्दा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. इतरांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेच्या आत. सातारा आणि सांगली येथील जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे आणि तालुका न्यायालयांत तालुका समित्या आहेत. वरच्या उदाहरणातील विट्याच्या मुलीला ती कितीही सुस्थितीत असली तरी ही मदत मागता येते, ही गोष्ट फार थोड्या भगिनींना माहीत असते.

कायद्याने घालून दिलेल्या सर्व पायऱ्या चढूनही अधिकाऱ्याने कर्तव्य केले नाही, किंवा अधिकार नसताना आदेश काढला, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. अपिलाचा मार्ग शिल्लक असताना न्यायालय सहसा याचिका ऐकत नाही, म्हणून आधीच्या पायऱ्यांच्या पोचा आणि आदेश याचिकेला जोडावे लागतात. हा अनुच्छेद संविधानात पहिल्यापासून आहे, परंतु जतच्या किंवा आटपाडीच्या शेतकऱ्याला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. वकिलांनी आणि नागरिकांनी अनेक वर्षे लावून धरलेल्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. हक्काच्या मजकुरात एक अक्षरही बदलले नाही. संस्था जवळ आली, आणि त्यामुळे सुनावणीसाठी मुंबईला जाण्याचा व राहण्याचा जो खर्च याचिकेपूर्वीच माणसाला मागे फिरवत होता, तो आता कोल्हापूरच्या एका दिवसाच्या प्रवासाइतका उरला आहे.